मशीन अंगठा घेत नाही तेव्हा

एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा फोंड्याच्या घरी पहिला प्रश्न आला, 'पुढं करणार काय?' हल्ली मी 'एआयची नीती' असं सांगते, म्हणजे यंत्रांनी घेतलेले निर्णय न्याय्य आहेत का आणि चुकलं तर जबाबदार कोण, याचा अभ्यास. समोरचा गप्प होतो, एवढा फायदा आहे.

सुरुवात मीही ट्रामच्या कोड्यापासून केली. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली मांडलेलं. पाच माणसं वाचवायला एकावर ट्राम वळवायची का? दोन महिने त्यात गेले. हा विषय घेणार असाल तर तुमचे दोनच दिवस जावेत.

विषय कळला तो डिचोलीच्या मावशीबरोबर पेन्शनच्या कामाला गेले तेव्हा. ती हंगामात काजू भाजून फोडते. टरफलातलं तेल बोटांची कातडी खातं. अंगठा पदराला पुसून तिनं चार वेळा ठेवला. खिडकीतला माणूस म्हणाला, 'मशीन घेत नाही, आम्ही काय करणार?' हे एआय नव्हे, कबूल. पण हे 'आम्ही' म्हणजे कोण, आणि दाद कुणाकडे मागायची, यातच अर्धा अभ्यासक्रम आला.

उरलेला अर्धा वहीत मांडून बघा. आरोपी पुन्हा गुन्हा करील का याचे गुण देणारी 'कॉम्पास' ही प्रणाली अमेरिकेतली. पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांवर 'धोकादायक' हा शिक्का गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात बसला, असं २०१६ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी दाखवलं. प्रणाली बनवणारी कंपनी म्हणाली, शिक्का बसलेल्यांपैकी खरे निघण्याचं, म्हणजे पुढे खरंच गुन्हा करण्याचं, प्रमाण दोन्हीकडे सारखंच आहे. दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर असू शकतात हे मला पटेना. मग मनाचेच आकडे घेतले. शंभर-शंभरांचे दोन गट, एकात ५० जण गुन्हा करणारे, दुसऱ्यात २०. पहिल्यात शिक्का ४० जणांवर, ३० खरे. दुसऱ्यात १६ जणांवर, १२ खरे. दोन्हीकडे पाऊणच खरे. पण पहिल्या गटात ५० निरपराधांपैकी १० अडकले, म्हणजे २० टक्के. दुसऱ्यात ८० पैकी ४, म्हणजे ५ टक्के. यातली कोणती समानता हवी ते गणित सांगत नाही. न्याय म्हणजे काय यावर लिहिणारे तत्त्वज्ञ जॉन रॉल्स वाचायचे ते इथं. आधी वाचले तर झोप येते, स्वानुभव आहे.

संख्याशास्त्र मात्र टाळू नका. मी टाळलं होतं. शेवटी कंप्युटरवाल्या मैत्रिणीनं कॅन्टीनमध्ये शिकवलं, दर तासाला एक मिरची भजी या दरानं.

'एआयचा तत्त्वज्ञ पाहिजे' अशी जाहिरात गोव्यात माझ्या तरी पाहण्यात नाही. मी प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा दिली, आता शिकवते. पहिल्या तासाला वर्गात मावशीचीच गोष्ट सांगते. तिचं काम तिसऱ्या खेपेला झालं, दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी साध्या कागदावर सही घेतली.