व्हिज्युअल एडिटरवर मराठी पान बनवताय? या चुका टाळा

वर्डप्रेस घ्या, एलेमेंटॉर घ्या, नाहीतर जुनं ड्रीमवीव्हर. माउसने ओढून पान कितीही छान जुळवलं, तरी ब्राउझरच्या हाती शेवटी एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना सांगणारा कोड) आणि सीएसएस (ते दिसावं कसं हे सांगणारा कोड) हेच पडतं. ते कधीच उघडून न बघणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. सगळं पान हातानेच लिहा, असा माझा आग्रह नाही. पण एडिटरने लिहिलेलं वाचता यायला हवं, आणि मराठी पानासाठी तर हवंच.

नुकतंच एका वाचनालयाचं पान दुरुस्तीला आलं होतं. ‘वार्षिक सभा’ या मथळ्यातली शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलेली. त्यांनी तीन फॉन्ट बदलून पाहिले, फरक शून्य. दोष फॉन्टचा नव्हताच. टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनवलेलं होतं आणि त्यात मथळ्याला २ पिक्सेल लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, होतं. रोमन अक्षरं सुटीच असतात, त्यांना ते शोभतं. आपली अक्षरं एका रेघेला लटकलेली. मथळ्यावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं, ती ओळ सापडली, टेम्प्लेटच्या सीएसएसमध्ये तिची किंमत शून्य केली आणि रेघ सलग झाली. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडत असेल तर तिथेच लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, हेही बघा. १.२ असेल तर १.६ च्या आसपास न्या.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा लिहिलेली असते आणि बऱ्याच टेम्प्लेटमध्ये ती ‘ईएन’ (en), म्हणजे इंग्रजी, असते. मग स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो. ज्यांचं सगळं वाचन कानांवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी ते पान बंदच झालं. तिथे ‘एमआर’ (mr), म्हणजे मराठी, करा. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की हे आपोआप होतं. फॉन्टमध्ये सोय असेल तर आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त शसुद्धा याच खुणेमुळे उमटतो.

मथळा मोठा दिसावा म्हणून साधा परिच्छेद ठळक करू नका, हेडिंगच निवडा. वर्डमधून मजकूर आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, नाहीतर वर्डचे फॉन्ट आणि रंग सोबत येण्याची भीती असते. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर मात्र असा चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्यावाच लागतो.

हाताने कोड लिहिणाऱ्यांच्याही ठरलेल्या चुका आहेत. पानाची माहिती देणाऱ्या मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) लिहायचं राहिलं, किंवा फाइल दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये साठवली, तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं येऊ शकतात. पान पडद्याच्या रुंदीत बसवणारी व्ह्यूपोर्टची ओळ विसरली तर मोबाइलवर पान मुंगीएवढं दिसतं. एडिटर या दोन्ही ओळी बहुधा न विसरता घालतो, हे त्याचं श्रेय.

सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती एडिटर आणि हातचा कोड या दोन्ही वाटा एकाच ब्लॉकवर, म्हणजे पानाच्या एकाच तुकड्यावर, चालवल्याने. वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर आला. त्यातल्या ब्लॉकचं एचटीएमएल हाताने बदललं आणि ते त्याच्या साच्यात बसलं नाही, की ब्लॉक अवैध असल्याचा इशारा येतो. घाईने दुरुस्तीचं बटण दाबलं तर तुमचा बदल पुसला जाऊ शकतो. आधी तो कोड कॉपी करून बाजूला ठेवा, आणि स्वतःचा कोड घालायचाच असेल तर त्यासाठी वेगळा ‘कस्टम एचटीएमएल’ ब्लॉक घ्या.