‘शब्द सापडला, खूण केली’: इंग्रजी उतारे वाचताना चिनी भाषक करतात त्या चुका टाळा

शांघायला असताना चार वर्षं दर शनिवारी सकाळी मी चिनी सहकाऱ्यांबरोबर सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेचे उतारे वाचायला बसत असे. मी काही शिक्षिका नाही. माझी परीक्षा त्यांच्याआधी झाली होती, एवढंच. तरी ते मला ‘लाओशी’ म्हणजे बाई म्हणत. गणितात ते माझ्या पुढे होते. बॉन्डचं ड्युरेशन माझ्याआधी काढून मोकळे व्हायचे. गाडी अडायची ती इंग्रजीच्या पानावर, कारण ही परीक्षा फक्त इंग्रजीत होते. पहिल्या पातळीला १८० सुटे प्रश्न असतात, प्रत्येकी दीड मिनिटाचे. दुसऱ्या पातळीला २२ उतारे आणि प्रत्येकावर चार प्रश्न, म्हणजे एका उताऱ्याला १२ मिनिटं. पहिली पातळी हसत पार केलेली माणसं या १२ मिनिटांत बुडताना मी पाहिली आहेत.

दर वर्षी नवी माणसं यायची आणि जुन्याच चुका करायची. सिंगापूर-शांघायला चिनी सहकाऱ्यांना मदत करणारे मराठी लोक मला याबद्दल विचारतात. यातल्या काही चुका मराठी माध्यमातून आलेल्यांच्याही आहेत, म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे आणि तिचं मूळ कॉलेजात आहे. चीनमध्ये कॉलेजच्या मुलांना ‘सीईटी-४’ आणि ‘सीईटी-६’ या इंग्रजीच्या परीक्षा असतात (आपल्याकडच्या प्रवेशपरीक्षेच्या सीईटीशी त्यांचा संबंध नाही). ७१० गुणांपैकी ३५ टक्के वाचनाला आणि त्यासाठी वेळ ४० मिनिटं. एवढ्या वेळात सगळं वाचून होणार नाही असं गृहीत धरून क्लासवाले युक्ती शिकवतात: आधी प्रश्न वाचा, त्यातला ठळक शब्द धरा, उताऱ्यात तो कुठे आहे ते हुडका, आजूबाजूचं वाक्य वाचा, उत्तर द्या. तिथे ती चालते आणि म्हणूनच हाडात मुरते.

आमच्यातल्या एकाचे सीईटी-६ चे गुण उत्तम होते आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. एका शनिवारी मी नीतिनियमांवरचा उतारा दिला. त्यातली पोर्टफोलिओ मॅनेजर (ग्राहकांचे पैसे गुंतवणारी) एका ग्राहकाकडून सहलीचं बक्षीस घ्यायचं कबूल करते; अट एवढीच, की वर्षअखेर परतावा ठरलेल्या आकड्याच्या वर गेला पाहिजे. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की तिने साहेबांची संमती घेतली. प्रश्न होता: नियमभंग झाला का? त्याने ‘कन्सेंट’ हा शब्द धरला, दुसऱ्या परिच्छेदात गाठला, ‘नियमभंग नाही’ यावर खूण केली आणि पेन खाली ठेवलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाकीचे अजून पहिल्या परिच्छेदात होते.

शेवटच्या परिच्छेदात एक साधं वाक्य होतं: जेवताना तिने साहेबांच्या कानावर घातलं आणि त्यांनी मान डोलावली. सीएफएचा नियम सांगतो की मालकाच्या हिताशी टक्कर होईल असा मोबदला घ्यायचा नाही, सर्व संबंधितांची लेखी संमती मिळवल्याशिवाय. ई-मेलसुद्धा चालते, पण लेखी हवी. जेवणाच्या टेबलावर हललेली मान चालत नाही.

त्याने माझ्याशी पाऊण तास वाद घातला. ‘लाओशी, संमती घेतली असं लिहिलंय ना?’ लिहिलंच होतं. उतारा रचणाऱ्याने ते वाक्य नेमकं असाच वाचणारा येईल म्हणून ठेवलेलं असतं. प्रश्नातला शब्द जसाच्या तसा समोर दिसला की मी तरी आधी सावध होते, कारण चुकीच्या पर्यायात उताऱ्यातले शब्द हुबेहूब उचललेले असतात आणि बरोबर पर्याय बहुतेक वेळा वेगळ्या शब्दांत येतो. त्या वर्षी तो दुसऱ्या पातळीला नापास झाला. नियम त्याला मागून-पुढून पाठ होता. ‘अनलेस’ आणि ‘रिटन’ हे दोन शब्द मात्र त्याच्या डोळ्यांनी ओलांडले, कारण शोधायच्या यादीत ते कधी नव्हतेच.

यावर माझी सवय अगदी साधी आहे. उतारा वरून खालपर्यंत एकदा, न थांबता, प्रश्न न बघता वाचायचा. प्रत्येक परिच्छेदानंतर मनात चार शब्द म्हणायचे: कोण, काय करतंय, कशावर अडलंय. सहा-सात मिनिटं यात जातात आणि नवख्यांना ती जीवावर येतात. ‘एवढा वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न मला शंभरदा ऐकावा लागला. पण शब्द हुडकत चार प्रश्नांसाठी चारदा पानभर फिरणाऱ्याचा वेळ यापेक्षा जास्त जातो. मी घड्याळ लावून दाखवलं आहे.

वाक्य उलटं फिरवून वाचणं

दुसरी मोठी चूक दिसत नाही, कारण ती डोळ्यांत असते. इंग्रजीत ‘द फंड दॅट द कमिटी रिजेक्टेड आफ्टर द ऑडिट’ असं म्हणतात. फंड आधी आणि त्याचं वर्णन मागून. चिनी भाषेत सगळं वर्णन नामाच्या आधी येतं: ऑडिटनंतर समितीने नाकारलेला फंड. आपलं मराठी वाक्य नीट बघा, क्रम तोच आहे! म्हणून ही खोड आपल्यालाही लागते. वाचणारा इंग्रजी वाक्याच्या टोकापर्यंत जातो, तिथून उलटा येतो, मनात आपल्या भाषेतलं वाक्य जुळवतो आणि मग पुढच्या ओळीला लागतो. प्रत्येक ओळ दोनदा. वाक्य तीन ओळींचं असलं की सुरुवात निसटते आणि तिसरी फेरी होते.

पुष्कळ जण याला ‘माझी शब्दसंपत्ती कमी आहे’ असं समजतात आणि शब्दांच्या याद्या पाठ करायला बसतात. मला ते बघून वाईट वाटतं. वर्णक्रमाच्या याद्यांची सुरुवात इतक्या वेळा ‘अबॅन्डन’ या शब्दाने होते की चिनी मुलांमध्ये त्याचा विनोदच झाला आहे. हजारो शब्द येऊनही वाक्य समजत नाही, कारण अडचण वाक्याच्या सांध्यांत असते.

मी एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा वापरते. वाचून झालेली ओळ त्याने झाकायची. डोळे मागे जाऊच शकत नाहीत. पहिले दोन आठवडे छातीत धडधडतं, अर्धं कळत नाही, लोक चिडतात. मग हळूहळू मन येईल तसं घ्यायला शिकतं: फंड (कोणता?), समितीने नाकारला तो (कधी?), ऑडिटनंतर. इंग्रजीच्याच क्रमाने प्रश्न विचारत पुढे सरकायचं. एक मुलगी हा पुठ्ठा मेट्रोतही वापरायची, शेजारी कुणी बघितलं तरी. आठ आठवड्यांनी ती १२ मिनिटांत उतारा संपवून उत्तरं तपासायलाही वेळ काढू लागली. दोन दिवसांत पुठ्ठा टाकून देणारेही होते. त्यांना ॲप हवं होतं. बोट ठेवताच अर्थ दाखवणारी ॲप सरावात वापरूच नयेत असं माझं ठाम मत आहे. परीक्षेत बोट ठेवायला काही नसतं.

मिलियन-बिलियनचं भाषांतर

चिनी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी चालते. दहा हजार म्हणजे ‘वान’, दहा कोटी म्हणजे ‘यी’. आपली लाख-कोटींनी. दोघांचाही मिलियनशी सांधा जुळत नाही. १२.५ मिलियन म्हणजे त्यांचे १,२५० वान, आपले सव्वा कोटी, ३.६ बिलियन म्हणजे त्यांचे ३६ यी, आपले ३६० कोटी. हे रूपांतर डोक्यात करताना एक शून्य हमखास पडतं आणि तो चुकलेला आकडा पर्यायांत तुमची वाट बघत असतो. रूपांतर करूच नका. उतारा मिलियनमध्ये असेल तर उत्तरही मिलियनमध्येच काढा.

‘जरी’च्या जोडीदाराची वाट बघणं

चिनीत ‘सुइरान’ आलं की मागून ‘दानशी’ येतं, आपल्याकडे ‘जरी’ला ‘तरी’ असतं. इंग्रजी ‘ऑलदो’ एकटाच येतो आणि वाक्य कुठे वळलं ते स्वल्पविरामावरून ओळखावं लागतं. वाक्याच्या सुरुवातीला ‘ऑलदो’ दिसलं की मी स्वल्पविरामापर्यंतचा भाग हलक्या हाताने वाचते आणि त्यानंतरच्या भागाला वजन देते. लेखकाचं म्हणणं तिथे असतं.

काळाकडे दुर्लक्ष

चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही, म्हणून ‘हॅड रिव्हाइज्ड’ आणि ‘वुड हॅव रिव्हाइज्ड’ त्यांना एकसारखे दिसतात. पहिल्यात अंदाज बदलला होता. दुसऱ्यात तो बदललाच नाही. मराठी माणसाला ‘बदलला होता’ आणि ‘बदलला असता’ यांत गोंधळ होत नाही, तर इंग्रजीतही होऊ देऊ नये.

‘ही’ आणि ‘शी’

बोली चिनीत तो आणि ती दोघंही ‘ता’. उताऱ्यात दोन ॲनालिस्ट असतील, एक पुरुष आणि एक बाई, तर कोणतं मत कुणाचं हे सर्वनामावरच ठरतं. समासात दोघांची आद्याक्षरं लिहून समोर मतं टिपा.

‘मोस्ट लाइकली’ आणि ‘लीस्ट लाइकली’ यांत गफलत

प्रश्नाचा शेवट वाचल्याशिवाय पर्यायांकडे बघू नका. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

फक्त प्रश्नसंच सोडवत राहणं

शेवटच्या दोन महिन्यांत रोज मॉक म्हणजे सराव-परीक्षा देणारे भेटतात. उतारे संपतात, वाचन होतं तिथेच राहतं. चिनी वाचकांसाठी एक उत्तम साधन फुकट पडून आहे: हाँगकाँगच्या बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल इंग्रजी आणि चिनी अशा दोन्ही भाषांत निघतात. अध्यक्षांच्या निवेदनाचं एक पान इंग्रजीत वाचायचं, अहवाल बंद करायचा, काय समजलं ते तीन ओळींत चिनीत लिहायचं आणि मगच चिनी आवृत्ती उघडून ताडून बघायचं. आधी चिनी वाचून मग इंग्रजी वाचणारे स्वतःची फसवणूक करतात, कारण तेव्हा ते इंग्रजी वाचत नसतात, आठवत असतात.

त्या ‘कन्सेंट’वाल्याने पुढच्या वर्षी हेच केलं. रोज एक पान, सहा महिने. त्याच्या वहीत डाव्या बाजूला स्वतःच्या तीन ओळी असायच्या आणि उजवीकडे लाल शाईत सुटलेले शब्द. सुरुवातीच्या पानांवर ‘अनलेस’, ‘ओन्ली’, ‘प्रायर टू’, ‘एक्सेप्ट’ हेच पुन्हापुन्हा दिसायचे. मे महिन्यात परीक्षेला जाताना तो ती वही मला दाखवायला घेऊन आला, तेव्हा शेवटच्या पाच पानांची उजवी बाजू कोरी होती.