साईन लँग्वेज शिकायचीय? मग एबीसीडीपासून सुरुवात करू नका

मी पहिला महिना फुकट घालवला, तुमचा जाऊ नये म्हणून लिहितेय. ऑफिसात एक डेफ मुलगी जॉईन झाली, मी उत्साहात यूट्यूब लावून एका हाताची एबीसीडी पाठ केली आणि कॅन्टीनमध्ये तिला माझं नाव करून दाखवलं. ती बघतच राहिली, मग मोबाईलवर टाईप केलं, "हे अमेरिकेचं आहे."

तर साईन लँग्वेज जगभर एकच नसते. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी बोलतात तरी त्यांच्या साईन वेगळ्या, आपली आणखी वेगळी, तिला आयएसएल म्हणतात म्हणजे इंडियन साईन लँग्वेज, सर्च करताना तेच टाका. आपली एबीसीडी बहुतेक दोन हातांनी होते, पण ती नावं-गावं सांगण्यापुरती, नंतर शिकलात तरी चालेल. दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या सरकारी संस्थेची डिक्शनरी ऑनलाईन फुकट आहे, २०२१ मध्ये ती १०,००० शब्दांवर गेली. मुंबईत असाल तर बांद्रा रेक्लमेशनच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत चौकशी करा. क्लास कुठलाही लावा, फक्त शिकवणारी व्यक्ती स्वतः डेफ असेल असा बघा, कारण डिक्शनरीतला शब्द आणि समोरचा माणूस करतो तो शब्द बऱ्याचदा जुळत नाही, शहर बदललं, कधी कधी शाळा बदलली तरी साईन बदलते.

आता आपल्या फायद्याची गोष्ट. वाक्य मनात इंग्रजीत जुळवायला गेलात तर अडकाल, मराठीत जुळवा. 'तुझं नाव काय', 'मला चहा नको', यात 'काय' आणि 'नको' शेवटी येतात ना, आयएसएलमध्ये पण प्रश्न आणि नकार शेवटीच. 'आहे', 'होता' वगैरे गाळायचं, 'काल', 'उद्या' आधी सांगून टाकायचं की काळाचं काम झालं. मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे 'काय'ची एकच साईन किती कामं करते, चेहरा आणि काय म्हणजे कोण, जागा आणि काय म्हणजे कुठे, वेळ आणि काय म्हणजे कधी (काही ठिकाणी वेगळ्या साईनही करतात). पुरुषाला मिशी आणि बाईला नाकातली चमकी, हे तर न सांगताच कळतं.

पण खरी अडचण हात नाहीत, चेहरा आहे. आपल्याला चारचौघांत तोंड वेडंवाकडं करायची लाज वाटते. प्रश्न विचारताना भुवया हलल्याच नाहीत तर तो प्रश्न वाटतच नाही, नुसतं सांगितल्यासारखं होतं. मी आठवडाभर आरशासमोर भुवयाच हलवल्या, घरच्यांना वाटलं मला काहीतरी झालंय.

आरशासमोर आहातच तर पापा, बाबा, मामा आवाज न काढता म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात ना? म्हणून "ती ओठ वाचेल की" असं धरून चालू नका. १८८० मध्ये इटलीतल्या मिलानला डेफ मुलांच्या शिक्षणावर परिषद झाली, तिच्यात शाळांमधून साईन काढून टाकायचा ठराव झाला, मग बरीच वर्षं डेफ मुलांकडून बोलणं आणि ओठ वाचणंच घोटून घेतलं गेलं, भाषा मुलं शिकली ती हॉस्टेलात नाहीतर मैदानावर, एकमेकांकडून. त्यामुळे ही भाषा त्यांना इतकी आपली का वाटते ते समजून घ्या. आणि 'मुका' म्हणू नका प्लीज, 'मूकबधिर' पण अनेकांना खटकतं. डेफ म्हणा किंवा कर्णबधिर.

वागायचं कसं? हाक मारायला खांद्यावर हलकं थोपटा, लांब असेल तर हात हलवा किंवा लाईट चालू-बंद करा. बोलताना नजर काढून मोबाईलमध्ये घातलीत तर तो अपमानच. इंटरप्रिटर असला तरी बघायचं डेफ माणसाकडे. दोघं साईन करत असतील आणि मधून जायचंय तर पटकन जा, थांबून सॉरी-सॉरी केलं की जास्त खोळंबा होतो. "जाड झालीस" असं तोंडावर ऐकावं लागेल, रागावू नका, तिथे ती साधी चौकशी आहे, आपल्याकडच्या मावश्यांसारखी.

प्रॅक्टिससाठी माणसं हवीत. मुंबईत लोकलचा दिव्यांगांचा डबा हा डेफ मंडळींचा जुना कट्टा, पण शिकायच्या नादात आपण त्यात चढायचं नाही, दंड होईल. त्यापेक्षा २३ सप्टेंबरला साईन लँग्वेज डे असतो, तेव्हाच्या कार्यक्रमांना जा. नावाची साईन स्वतः ठरवू नका, ती डेफ लोक देतात, मला सहा महिन्यांनी मिळाली, चष्मा वर सरकवायची सवय आहे तीच झाली नाव. आणि निघायची वेळ सांभाळा. "निघते" म्हटल्यावर खऱ्या गप्पा सुरू होतात, शेवटची लोकल पकडायची असेल तर तासभर आधीच निघते-निघते करायला लागा.