नाशिकला नवीन आलात आणि घरात गहू बंद आहे? मग आधी शेफर्ड्स पाय करून बघा

मी मूळची बेळगावची, लग्नानंतर ११ वर्षं इंग्लंडात लेस्टरला आणि २०१४ पासून नाशिकला, म्हणजे दोनदा बिऱ्हाड हलवून झालंय, त्यामुळे नवीन गावात पहिले सहा महिने कसे जातात ते मला विचारा. त्यात घरात कोणाला सिलियाक, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला त्रास होणारा आजार, असेल तर बघायलाच नको. माझ्या लेकीला तिकडेच चौथ्या वर्षी निदान झालं होतं आणि इथे आल्यावर तिची रोज एकच भुणभुण, मम्मा शाळेत मिळायचा तो शेफर्ड्स पाय कर ना.

हल्ली गंगापूर रोडला, इंदिरानगरला बाहेरून आलेली बरीच मंडळी भेटतात आणि कोणी ना कोणी विचारतंच की ताई इथे ग्लुटेन फ्री काय मिळतं हो. मिळतं काय ते नंतर बघा, आधी घरी काय होतं ते बघा, आणि सुरुवात याच पदार्थापासून करा, कारण यात पीठ जवळपास नाहीच आणि बाकी सगळं नाशिकात पैशाला पासरी. एक मात्र सांगून ठेवते, अजून टेस्ट झाली नसेल आणि नुसता संशय असेल तर मनानेच गहू सोडू नका, गहू बंद केल्यावर रक्ताची तपासणी फसवी येऊ शकते, आधी डॉक्टर मग हे सगळं.

पाय हे नाव ऐकून मैद्याचं कवच वगैरे डोळ्यासमोर आणू नका. खाली खिमा, वर कुस्करलेला बटाटा, भट्टीत लालसर करायचा, संपलं. मेंढीचा खिमा असेल तर शेफर्ड्स, बीफ असेल तर कॉटेज पाय, आणि त्यातलं कॉटेज हे नाव जुनं, १७९१ पासूनचं, शेफर्ड्स हे १८५४ च्या आसपास आलं. रविवारच्या रोस्टचं उरलेलं मांस संपवायची ही सोय, आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो ना तसंच. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं, त्यामुळे नावाप्रमाणे मेंढपाळाचा नाही होत, पण चव कुठेही कमी पडत नाही.

तिकडच्या रेसिपीत ग्लुटेन तीन जागी असू शकतं. रस्सा घट्ट करायला चमचाभर मैदा, स्टॉक क्यूब म्हणजे रश्शाची तयार वडी, आणि वुस्टर सॉस हा आंबट-खारट काळपट सॉस, कारण ब्रिटनमधल्या बाटलीत माल्ट व्हिनेगर असतं आणि माल्ट म्हणजे बार्ली. हे तीन मला तोंडपाठ होते. मी पहिल्यांदा इथे केला तेव्हा तिन्ही टाळले, लेकीने दोनदा मागून खाल्ला, आणि रात्री पोट धरून बसली. पुढचे तीन दिवस तिची शाळा बुडली. मी सगळी पाकिटं ओट्यावर मांडून वाचत बसले, काही सापडेना, आणि मग नजर फोडणीच्या डब्याकडे गेली. खिमा परतताना सवयीने चिमूटभर हिंग टाकला होता. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. बांधणीचा हिंग असाच असतो, खरा हिंग थोडा आणि बाकी मैदा नाहीतर तांदळाचं पीठ. सासूबाई म्हणाल्या, "अगं एवढुश्या हिंगाने काय होतंय?" मी म्हटलं, "आई, झालंय ना आता, बघा तिच्याकडे." त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी डबी उचलून शेजारी देऊन आल्या.

म्हणून नवीन आलेल्यांना मी आधी हेच सांगते की तिकडे सुपरमार्केटचं लेबल वाचलं की काम व्हायचं, इथे आपल्याच स्वयंपाकघराचं लेबल वाचावं लागतं आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. मेतकुटात गहू असतो. सातूच्या पिठात असतो. थालीपिठाच्या भाजणीत कोणी घालतं कोणी नाही, विचारायचंच. सोया सॉसमधे गहू. पाकीटबंद मालावर ग्लुटेन फ्री लिहायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, तेव्हा तसं छापलेलं असेल तर बरं, पण सुट्ट्या मालाला कसलं लेबल.

आणि गिरणी! ज्वारी, तांदूळ, नागली सगळं चालतं हो, पण त्याच जात्यातून आधी कोणाचे तरी दहा किलो गहू गेलेले असतात. आमच्या इथला गिरणीवाला म्हणायचा, "ताई, झाडून घेतलंय ना मी, बिनधास्त न्या." झाडून जात नाही ते. दोन वर्षं मी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जाऊन पहिलं दळण माझं लावायचे, त्यातलं पण सुरुवातीचं किलोभर बाजूला काढून घरच्या बाकीच्यांना, शेवटी कंटाळून घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू अजिबात नाही. पायला गिरणीचं पीठ लागतच नाही, हा त्याचा अजून एक फायदा.

आता बाजार. मटणाला नेहमीचा एक खाटीक धरा आणि तयार खिमा घेऊ नका, रानाचा म्हणजे मांडीचा तुकडा दाखवून समोर खिमा करून घ्या. कोल्ड स्टोरेजमधलं कबाबचं तयार मिश्रण तर नकोच, त्यात बऱ्याचदा ब्रेडचा चुरा असतो. खिम्याबरोबर चार नळ्या मागून घ्या, त्या कुकरमधे कांदा, मिरी, तमालपत्र घालून चार शिट्ट्या केल्या की स्टॉक तयार, क्यूबची भानगडच नाही. भाजी मी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून आणते. कांद्याचं नाशिककरांना काय सांगायचं, पण तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते, मऊ गोड चव हवी तर साठवणीतला उन्हाळ कांदा घ्या, पावसाळी लाल कांद्याला पाणी फार सुटतं. मटार डिसेंबर जानेवारीत सोलून फ्रीजरला टाकून ठेवा.

बटाट्यावर मात्र जरा थांबते, कारण इथेच बहुतेकांचा पाय फसतो. नवा, पातळ सालीचा, नखाने साल निघते तसला बटाटा रश्शाला छान पण कुस्करला की चिकट लगदा होतो, वॉलपेपर लावता येईल इतका. जुना, जाड सालीचा, उकडल्यावर फुटणारा बटाटा हवा. भाजीवालीला सरळ "वेफर्सचा बटाटा द्या" म्हणा, ती समजते. कुकरमधे अख्खे उकडू नका, पाणी पितात, सोलून मोठे तुकडे करून मिठाच्या पाण्यात उकळा, चाळणीत निथळा आणि रिकाम्या गरम पातेल्यात परत टाकून दोन मिनिटं वाफ उडू द्या. मग हाताने कुस्करा. मिक्सरला लावाल तर पुन्हा लगदाच. आणि ती चाळणी पीठ चाळायची नको बरं का, जाळीत अडकलेलं पीठ कितीही घासा निघत नाही, माझी वेगळी आहे, तिला लाल दोरा बांधलाय. लाकडी उलथनं पण वेगळं.

चार माणसांना अर्धा किलो खिमा, पाऊण किलो बटाटे, दोन कांदे, दोन गाजरं, मूठभर मटार. तेलात कांदा गाजर बारीक चिरून मंद आचेवर दहा मिनिटं, लसूण, मग खिमा मोठ्या आचेवर पाणी आटून कडा तपकिरी होईपर्यंत परता, इथे घाई केली की उकडलेल्या खिम्याची चव येते. दोन चमचे टोमॅटो प्युरी. थाइम ही विलायती वासाची पानं मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर अगदी चिमूटभर ओवा चुरडून, दोघांत थायमॉल हे वासाचं द्रव्य एकच असतं त्यामुळे वास त्याच घरातला येतो, पण चिमटीच्या वर गेलात तर पोटदुखीचं औषध खाल्ल्यासारखं लागेल. नाशिकला राहताय तर अर्धा कप इथलीच रेड वाइन घाला आणि आटवा, मुलं असतील किंवा घरात चालत नसेल तर सोडा. वुस्टर सॉसच्या जागी मी चमचाभर चिंचेचा कोळ, थोडा गूळ, थोडं साधं व्हिनेगर घालते. खऱ्या सॉसमधे पण चिंच असतेच, आणि खारवलेले अँचोव्ही मासे असतात, म्हणून मी भाजून कुटलेल्या सुकटीची चिमूट पण टाकते, कोणाला ओळखू येत नाही. मग दीड कप नळ्यांचा स्टॉक आणि झाकण ठेवून मंद गॅसवर पाऊण तास. तिकडच्या लॅम्बला एवढा वेळ लागत नाही, पण बोकडाला लागतो. घट्ट करायला शेवटी एक चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून. कॉर्नफ्लोअर म्हणजे ते पांढरं, किराणावाल्याने पिवळं मक्याचं पीठ दिलं तर परत करा. तेही नसेल तर कुस्करलेलाच बटाटा दोन चमचे रश्शात ढवळा.

खिमा थोडा निवल्यावरच वर बटाटा पसरा, गरम असताना पसरलात तर बटाटा खाली बुडतो. बटाट्यात लोणी, गरम दूध, मीठ, मिरपूड. काट्याने रेघा ओढा, शेताला सऱ्या पाडतात तशा, त्यांच्या कडा कुरकुरीत होतात. ओटीजीमधे, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनमधे, २०० डिग्रीला पंचवीस तीस मिनिटं. ओटीजीच्या ट्रेमधे आधी कधी ब्रेड, नानकटाई भाजली असेल तर नीट घासून खाली फॉइल टाका. ओटीजी नसेल तर सगळं शिजलेलंच आहे, तसंच खा, नाहीतर बटाट्याच्या जाड टिक्क्या तव्यावर लाल करून खिम्यावर ठेवा, फक्त तवा पोळ्यांचा नको.

श्रावणात आमच्याकडे मटण बंद, तेव्हा खिम्याच्या जागी अख्खा मसूर, तोही ताटात पसरून निवडून, कारण त्यात गव्हाचे दाणे सापडतात, मला एकदा एका पावशेरात सात सापडले. बाकी कृती तीच, स्टॉकऐवजी मसुराचंच पाणी आणि सुकट अर्थातच नाही.

भट्टीतून काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, नाहीतर वाढताना सगळं वाहतं. लेक अजूनही तिकडच्यासारखी नुसत्या मटारांबरोबर खाते. सासूबाई त्याला बटाट्याचं छप्पर म्हणतात आणि शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा घेतल्याशिवाय हात लावत नाहीत, मी एकदा चाखून बघितलं, तेव्हापासून मीही तसंच खाते.