नव्या गाडीला वॅक्स घेताना

नवी गाडी घरी आली की आधी वॅक्सच्या, म्हणजे रंगावर लावायच्या चमकदार मेणाच्या, डब्यावरचं लेबल वाचा. ‘क्लीनर वॅक्स’, ‘पॉलिश’ किंवा ‘रबिंग कंपाउंड’ लिहिलं असेल तर तो डबा परत ठेवा. त्यात रंग घासणारे बारीक कण असतात. रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. नव्या गाडीवर तो उगाच का झिजवायचा?

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून बनतं. चमक फार सुंदर येते, पण उन्हापावसात काही आठवड्यांतच उतरते. गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर मी सिंथेटिक सीलंटच, म्हणजे वॅक्सऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थरच, सुचवेन. ते काही महिने टिकतं. पावसाळ्याआधी एक हात द्याच.

गाडी भांड्यांच्या साबणाने धुऊ नका, वॅक्स निघून जातं. पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, कार शाम्पू घ्या. पुसायला जाड मायक्रोफायबरचं (अगदी बारीक धाग्यांचं) कापड हवं, जुना बनियन नको! वॅक्स सावलीत, बॉनेट थंड असताना लावा. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात आणि सहजी जात नाहीत.