जुन्या गाडीचं वायरिंग घरी बदलताय? या चुका टाळा

हेडलाइट मिणमिणतोय, हॉर्न अडकत वाजतोय, म्हणून सगळं वायरिंग उपटून टाकायची घाई नको. जुन्या गाडीत दोष बहुतेक वेळा तारेत नसतो, जोडात असतो. त्यातही अर्थच्या जोडात, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडात.

आधी मोजा. हेडलाइट लावा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. त्याचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं हेडलाइटच्या होल्डरच्या धातूवर. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थ खराब. दिवा चालू असतानाच मोजायचं, कारण करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडही शून्यच दाखवतो. मग अर्थचा तो बोल्ट सोडवा, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून उघडा पत्रा दिसू द्या, आणि पुन्हा कसा. नव्याने रंगवलेल्या गाडीत ही चूक हमखास होते. रंग सुंदर दिसतो, पण त्यातून करंट जात नाही.

वायरिंग खरंच बदलायचं ठरलं, तर जुनी हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेला तारांचा जुडगा, कापू नका. ती अख्खी बाहेर काढा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, फोटो घ्या. नवी हार्नेस तिच्याच मापावर बांधायची आहे.

तारेच्या जाडीत कंजुषी नको. 36 वॅटचा दिवा 12 व्होल्टला 3 अँपिअर ओढतो, 6 व्होल्टला 6. शिवाय 6 व्होल्टच्या गाडीत एक व्होल्ट वाटेत गेला, की सहावा हिस्सा गेला. घरातली एकतारी वायर गाडीत कधीच नको, थरथरीने ती आतून तुटते. डाग दिलेल्या, म्हणजे सोल्डर केलेल्या, जोडाचंही तसंच: डाग तारेत चढतो, तिथे ती ताठ होते आणि नेमकी तिथेच मोडते. मी तरी चांगल्या क्रिंपलाच, म्हणजे पक्कडीने दाबून बसवलेल्या जोडालाच, पसंती देईन. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, म्हणजे फायरवॉलमधून, तार जाताना भोकात रबरी ग्रॉमेट (कडी) हवाच.

फ्यूज तारेला वाचवतो, दिव्याला नाही. म्हणून तो तारेच्या ताकदीपेक्षा मोठा नको, आणि बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. बॅटरीचे जोड सवयीने लावले, की ट्रान्झिस्टरचा रेडिओ जळतो. निगेटिव्ह अर्थ करायचाच असेल, तर इग्निशन कॉइलच्या वायरी आणि अँपिअर मीटरची जोडणी उलटवा, बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोलाही नवी पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) द्या. ती देण्याची पद्धत डायनामोनुसार बदलते, तेव्हा गाडीचं मॅन्युअल उघडा. एलईडी दिवेही उलट जोडणीत पेटत नाहीत.

शेवटी करंट सोडताना बॅटरी थेट जोडू नका. बॅटरीचं टर्मिनल आणि तिची केबल यांच्यामध्ये गाडीच्याच व्होल्टेजचा 21 वॅटचा बल्ब घाला. इग्निशन बंद, सगळे स्विच बंद. बल्ब पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण तार जळत नाही, बल्बच करंट अडवतो. विझलेला राहिला, तर गाडीच्या दिव्यांचे बल्ब काढून एकेक लाइट स्विच चालू करा. बल्ब काढले नाहीत तर त्यांचाच करंट शॉर्टसारखा भासतो. ज्या स्विचला मधला बल्ब भडकेल, दोष त्याच सर्किटमध्ये. सगळं ठीक निघालं, की बॅटरी जोडा, दिवे लावून दहा मिनिटं थांबा आणि प्रत्येक जोडावरून बोट फिरवा. जो जोड गरम लागेल, तो पुन्हा करा.