रात्रीची मुंबई कृष्णधवलात: फोर्टमधल्या इमारती कशा टिपाव्यात

रात्री काढलेला रंगीत फोटो बिघडला की तो कृष्णधवल करून वाचवायचा, अशी अनेकांची सवय असते. त्यातून बहुतेक वेळा चिखलासारखा करडा, दाणेदार फोटो हाती येतो. कोणत्या रंगाचा दिवा कोणत्या भिंतीवर पडतो आहे, यावर रात्रीच्या करड्या छटा ठरतात. त्यामुळे कृष्णधवलाचा निर्णय ट्रायपॉड उघडण्याआधी घ्यावा लागतो. उदाहरणासाठी इथे मुंबईचा फोर्ट परिसर घेतला आहे. गॉथिक कोरीवकाम आणि आर्ट डेकोच्या सपाट, गोलाई घेतलेल्या भिंती इथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि दोन्हींना वेगळी वागणूक लागते.

दिशा आणि वेळ

ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि ८५ मीटर उंच राजाबाई टॉवर आहे. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग आहे. हा सगळा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. फोटो काढणाऱ्याला यातली दिशा महत्त्वाची. राजाबाईकडे पाहताना कॅमेरा पूर्वेकडे वळलेला असतो आणि संध्याकाळी पूर्वेचं आकाश आधी काळवंडतं. त्यामुळे टॉवरसाठी सूर्यास्तानंतर साधारण १० ते २० मिनिटांची वेळ धरा. आर्ट डेकोच्या रांगेमागे पश्चिमेचा उजेड जास्त रेंगाळतो, तिथे २० ते ३५ मिनिटांनंतर काम करता येतं. म्हणजे एकाच संध्याकाळी आधी पूर्व आणि मग पश्चिम, असा क्रम लावता येतो. मुंबईत संधिप्रकाश झपाट्याने संपतो, लेन्स बदलत बसायला वेळ मिळत नाही.

कृष्णधवलात या वेळेचा खरा उपयोग निळाईसाठी नसतो. आकाश मध्यम करडं असलं की मनोऱ्याची, घुमटाची कडा त्यावर स्पष्ट उठून दिसते. उशिरा आकाश आणि दगडाची अंधारातली बाजू एकमेकांत मिसळते आणि अर्धी इमारत गायब होते. ढगाळ रात्र मात्र अपवाद. शहराच्या उजेडाने ढग खालून उजळतात आणि रात्री दहालाही पार्श्वभूमी मिळते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे, म्हणून तिथेही घाई करावी लागते. समोरचं महापालिका मुख्यालय १८९३ चं, तेही टर्मिनसचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचंच काम. पूर्ण इमारत चौकटीत बसवण्याचा हट्ट सोडला तर टर्मिनसचे तपशील जास्त फळ देतात: घुमटावरचा ‘प्रगती’चा पुतळा, फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, कमानींवरची नक्षी. ८५ ते २०० मिमी लेन्स घ्या. खालून येणारा प्रकाशझोत कोरीवकामाच्या सावल्या वर फेकतो आणि दुपारच्या उन्हात सपाट वाटणारी नक्षी उठावदार होते.

दिव्यांचा रंग

सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ सगळा पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात असतो. अशा दिव्याखाली निळ्या चॅनलमध्ये (फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळ्यात) फारसं काही नसतंच. नंतर संगणकावर कृष्णधवल करताना निळा स्लायडर ओढून छटा वेगळ्या करायला गेलात तर नुसता नॉइज (दाणेदारपणा) वर येतो. तिथे छटा प्रकाश आणि सावलीतूनच मिळवाव्या लागतात. पांढऱ्या एलईडीखाली रंगांचे स्लायडर बऱ्यापैकी काम करतात.

टर्मिनसवर रंगीत एलईडी रोषणाई असते आणि ती बदलते. भिंत गडद लाल किंवा गडद निळी असेल तर सेन्सरवरचे साधारण पाव पिक्सेलच खरा तपशील टिपतात, आणि फोटो फोकस अचूक असूनही मऊ वाटतो. आणखी एक फसवणूक इथेच होते. एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) सुरक्षित दिसतो, पण निळा किंवा लाल चॅनल एकटाच उजवीकडे जळालेला, म्हणजे तपशील हरवण्याइतका उजळ असतो. म्हणून लाल-हिरवा-निळा असे तिन्ही हिस्टोग्राम स्क्रीनवर लावून ठेवा. पांढरी किंवा उबदार पिवळी रोषणाई असेल ती रात्र निवडा. तिरंगी रोषणाई त्याहून अवघड, कारण केशरी आणि हिरवा पट्टा नंतर स्लायडरनी हलवता येतो, पण पांढऱ्या पट्ट्यावर रंगांचे स्लायडर चालत नाहीत.

कॅमेरा लावणं

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, वाऱ्यात तोच हलतो. फुटपाथखालून गाड्यांची किंवा लोकलची थरथर जाणवत असेल तर दहा पावलं बाजूला सरका. वजन म्हणून पिशवी टांगायची तर ती जमिनीला टेकेल अशी टांगा. लोंबकळणारी पिशवी फायद्याऐवजी तोटा करते. लेन्समधलं स्थिरीकरण बंद करा. दोन सेकंदांचा टायमर किंवा केबल रिलीज वापरा.

यूव्ही फिल्टर काढा. तो असला की प्रत्येक तेजस्वी दिव्याचं भूत फोटोच्या मध्याच्या पलीकडे, उलट्या जागी उमटतं, आणि काळ्या आकाशात ते पुसत बसावं लागतं.

फोकससाठी लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट दृश्य) दहापट मोठा करा, उजळलेल्या खिडकीची किंवा घड्याळाच्या तबकडीची कडा धरा, फोकस जमला की मॅन्युअलवर टाका. ऑटोवर ठेवलंत तर पुढच्या फ्रेमला कॅमेरा पुन्हा शोधाशोध करेल.

उभ्या रेषा सरळ हव्या असतील तर कॅमेरा वर न झुकवता पातळीत ठेवा, मागे जा आणि वरची जागा लेन्सच्या रुंदीतून मिळवा. खालचा रिकामा रस्ता नंतर कापता येतो. सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करणार असाल तर दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडा. दुरुस्तीनंतर फ्रेमचे खालचे कोपरे सगळ्यात जास्त कापले जातात.

एक्स्पोजर

रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८. प्रकाशझोतात न्हालेल्या इमारतीला यावर २ ते ८ सेकंद पुरतात. अंधाऱ्या गल्लीत ३० सेकंद ते मिनिटभर लागतं. कॅमेऱ्याच्या मीटरचा आकडा इथे फक्त सुरुवात म्हणून घ्यायचा, कारण काळं आकाश जास्त असलं की मीटर हमखास जास्त एक्स्पोजर देतो. उजळ दगडाचा पोत टिकेल इतपतच वेळ द्या. दिव्याचा गोळा जळाला तर जळू द्या, पण त्याच्यामागची भिंत जळता कामा नये.

राजाबाईची उजळलेली तबकडी हा वेगळाच प्रश्न. आजूबाजूच्या दगडाला ८ सेकंद लागत असतील तेव्हा तबकडीला अर्धा सेकंदही पुरतो. कॅमेरा न हलवता ½, २ आणि ८ सेकंद असे तीन फोटो काढा आणि तबकडी पहिल्यातून हाताने मास्क करून (तेवढाच भाग निवडून) घ्या. स्वयंचलित एचडीआर (वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो आपोआप एकत्र करणं) टाळा. तो सावल्या इतक्या उघडतो की रात्रच उरत नाही. घड्याळाबद्दल आणखी एक गोष्ट: मिनिटकाटा मिनिटाला ६ अंश सरकतो. ३० सेकंदांत ३ अंश, तेवढं चालून जातं. चार मिनिटांत २४ अंश, म्हणजे काट्याच्या जागी नुसता पुसट पंखा.

दिव्यांभोवती तारे हवे असतील तर एफ/११ ते एफ/१६. अ‍ॅपर्चरच्या पात्यांची संख्या सम असेल तर तितकीच किरणं मिळतात, विषम असेल तर दुप्पट. एफ/१६ च्या पलीकडे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) दगडाचा पोत मऊ पडतो आणि ताऱ्यांचा हव्यास महागात पडतो.

टर्मिनससमोरची वर्दळ पुसायची असेल तर एकाच सेटिंगवर १० ते १५ फ्रेम थोड्या थोड्या अंतराने काढा आणि फोटोशॉपमध्ये मीडियन स्टॅक करा, म्हणजे फ्रेम एकावर एक ठेवून प्रत्येक ठिकाणची मधली छटा घ्या; हलणारं सगळं त्यात गळून जातं. गाड्यांच्या प्रकाशरेषा हव्या असतील तर सिग्नल सुटताना शटर उघडा. बसचे हेडलाइट थेट लेन्सकडे वळतात त्या क्षणी लेन्ससमोर काळं कार्ड धरा आणि ते गेले की काढा.

उकाड्यात मिनिटाहून मोठ्या एक्स्पोजरला पांढरे ठिपके येतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केलं तर ते जातात, पण प्रत्येक फोटोला दुप्पट वेळ लागतो. संधिप्रकाशात ते बंदच बरं. पावसाळ्यात ओला रस्ता सुंदर साथ देतो, मात्र एसीतून बाहेर आल्यावर कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर दव धरतं. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेने दर थोड्या वेळाने काच धूसर होते आणि सगळ्या दिव्यांना तेजोवलयं येतात, तेव्हा कापड खिशातच ठेवा.

फुटपाथवर ट्रायपॉड पाहून कोणी हटकलं तर वाद न घालता आवरून पुढे जा. स्टेशनच्या आत ट्रायपॉड लावायला रेल्वेची परवानगी लागते.

फिल्म वापरत असाल तर

लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते. इलफर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मसाठी मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यायचा: १० सेकंदांचे सुमारे २०, ३० सेकंदांचे सुमारे ८६. एफपी४ प्लससाठी घात १.२६ आहे. फुजी अ‍ॅक्रॉस २ ला १२० सेकंदांपर्यंत दुरुस्ती लागत नाही, त्यामुळे रात्रीच्या कामाला ती फार सोयीची. एक्स्पोजर वाढलं की उजळ भाग प्रमाणाबाहेर दाट होतात, म्हणून डेव्हलपिंगची वेळ १० ते १५ टक्के कमी करा.

संगणकावर

डार्कटेबल हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. लाइटरूम असेल तर तेही. आधी व्हाइट बॅलन्स जागेवर आणा, मगच कृष्णधवल करा. व्हाइट बॅलन्स हलवला की प्रत्येक करडी छटा हलते, आणि हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मग नारिंगी-पिवळ्या स्लायडरने दगड आणि निळ्याने आकाश बसवा. निळा फार खाली खेचला की आकाशात पट्टे पडतात आणि मनोऱ्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते. उणे २० ते ३० च्या पुढे जायचं असेल तर त्याऐवजी आकाशाला मास्क लावून एक्स्पोजर उतरवा. क्लॅरिटी (पोत ठळक करणारा स्लायडर) १५ च्या आत ठेवा.

खरं काम ब्रशचं आहे. एका वेळी ०.२ ते ०.३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), मऊ कडा. कमानींच्या आतल्या भागात थोडा उजेड, पायथ्याशी थोडा अंधार. रस्त्यावरच्या पाट्या आणि पार्क केलेल्या गाड्या हमखास इमारतीपेक्षा उजळ असतात, त्या खाली आणा. आर्ट डेकोत उलट वागा: छज्ज्यांच्या आडव्या रेषा आणि गोल बाल्कन्या सलग छटेतच शोभतात, तिथे पोत वाढवला की फक्त रंग उडालेला गिलावा आणि एसीचे डबे दिसतात.

प्रिंट काढणार असाल तर स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून फोटो पाहा. मॅट कागदावर सगळ्यात गडद छटा एकमेकांत बुडतात, म्हणून सावल्या स्क्रीनवर वाटतात त्याहून थोड्या उघड्या ठेवा आणि आधी ए५ आकाराची चाचणी प्रिंट काढून ती घरातल्या दिव्याखाली तपासा.